घरातलं एक मत

कंबाही नदी, दक्षिण कॅरोलिना
१९ नोव्हेंबर १८७६

लायमस,

तुझी चिठ्ठी फेरीवरच्या पाद्रीबाबांनी आणून दिली. कुऱ्हाड पाठव, पलटणीतला निळा कोट पाठव, आपली लेक सिबी कशी आहे ते कळव. बस्स. गुलामीतून सुटका झालेल्यांच्या शाळेत एका बाकावर बसून, हात धरून मी तुला अक्षरं गिरवायला लावली, ती हे असलं काही वाचायला नव्हे.

कुऱ्हाड पाठवते आहे. कोट मिळणार नाही. तो अंगात घालून तू पेल साहेबासारख्या मालकांशी लढलास, आणि मतदानाच्या दिवशी त्याच पेल साहेबाच्या पुतण्याच्या हातून त्यांच्या पक्षाची लाल मतचिठ्ठी घेतलीस. थंडी वाजत असेल तर त्यांच्याकडे लाल सदरा माग. देतील.

मी तिथेच उभी होते, हे तुला ठाऊक आहे. उजाडल्यापासून आम्ही सगळ्या बाया ओकच्या झाडाखाली होतो. कमरेला भात कापायचे विळे, आणि रायना मावशीच्या हातात तर मुसळ. मालकांचे लाल सदरेवाले घोड्यांवरून फिरत होते, आमच्याकडे बघून फिदीफिदी हसत होते. बाईला मत नाही, तर ही इथे कशाला तडमडली? पण आपल्या प्रार्थनाघरात बसून आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं ना? बाया, म्हातारी माणसं, सगळी होती त्या दिवशी. मत टाकतो पुरुष, पण ते असतं घराचं. तुझ्या हातातली चिठ्ठी माझी होती, सिबीची होती. माझ्या आईची होती, जिला बाजारात उभं करून विकली, आणि मत हा शब्द कानावर पडायच्या आधीच जी दृष्टीआड झाली.

आणि तू ती कशी टाकलीस! लपूनछपून टाकतं माणूस, जरा तरी चाड असेल तर. तू हात वर करून, सगळ्यांना लाल रंग दिसेल अशी धरून टाकलीस. रायना मावशी म्हणाली, "अगं टायरा, हा आपलाच लायमस ना गं?"

घरी आले आणि तुझे कपडे, घोंगडी, कुदळ सगळं रस्त्यावर काढून ठेवलं. मावशी म्हणाली, "पोरी, आभाळ आलंय, भिजेल." म्हटलं, भिजू दे. प्रार्थनाघरात मिंगोदादा स्वतः उठला. माझा सख्खा भाऊ, तुझा लहानपणापासूनचा सवंगडी, आणि आता आपल्या सगळ्यांचा पुढारी. "ज्यानं चिठ्ठी विकली त्याला इथे बसायला बाक नाही," असं तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. तू टोपी हातात घेऊन दारात उभा. मी ओरडले, "कारण तरी सांग, मेल्या!" तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मिंगोदादाकडे बघितलंस आणि चालू लागलास.

सिबी बरी आहे. तुझ्याबद्दल विचारत नाही.

टायरा


फेब्रुवारी १८७७

लायमस,

कुऱ्हाड पोचल्याचं कळलं. जॉर्जियाच्या जंगलात पाइनची राळ काढायच्या कामावर आहेस म्हणे. हाताला लागलेली राळ महिनोन्महिने निघत नाही, असं पाद्रीबाबा सांगत होते. निघू नये.

इकडे राजधानीत दोन गव्हर्नर आहेत. एक आपला, एक त्यांचा. दोघंही म्हणतात, निवडून मीच आलो. एका म्यानात दोन तलवारी कशा राहायच्या? मिंगोदादा म्हणतो, वॉशिंग्टनहून निकाल येईपर्यंत धीर धरा. पेल साहेबाला मात्र धीर नाही, त्यानं त्यांच्या गव्हर्नरकडे कर भरूनसुद्धा टाकला. आपल्या गव्हर्नरला कुणी कर देत नाही. नुसत्या खुर्चीवर बसून राज्य होत असतं तर रायना मावशीकडे दोन खुर्च्या आहेत.

तुझ्या उघाडीची, त्या बांधातल्या पाण्याच्या दाराची, कथा ऐक. तू गेल्यावर साहेबानं बांधावरच्या उघाडीवर आपल्या पुतण्याला बसवलं. त्याला भरती कळते, पाणी कळत नाही. नदी आटलेली, समुद्राचं पाणी वर चढत आलेलं, यानं चाखून बघितलं नाही की काही नाही, दार उचललं. खालच्या खाचरांत मीठ शिरलं. मग साहेब घोड्यावरून आला आणि विचारू लागला, गोडं पाणी कुठलं आणि खारं कुठलं हे सांगणारं कुणी आहे का इथे? सगळे मातीकडे बघत उभे. मी म्हटलं, मी आहे. लग्न झाल्यापासून एका माणसाला रोज पाणी चाखून थुंकताना बघत आले, तेवढं तर येणारच. लोक हसले. बाईच्या हाती उघाडी म्हणे! पण आता ती माझ्या हाती आहे आणि त्यानंतर खाचरांत खारं पाणी आलेलं नाही.

एक विचारायचं होतं, कामापुरतंच. वरचं दार ओहोटीला अडकतं. तू काय करायचास? नुसती पाचर ठोकायचास की काही लावायचास? तेवढं कळव. बाकी लिहायची गरज नाही.

सिबी विचारत नाही असं मागे लिहिलं, ते खोटं होतं. रोज विचारते.

टायरा


मे १८७७

लायमस,

पाचर डुकराच्या चरबीत बुडवून ठोकली. दार आता सुरळीत चालतं.

सैन्य गेलं, हे तुला तिकडे कळलंच असेल. राजधानीतल्या सभागृहाच्या दारावरचे निळे कोटवाले निघून गेले, आणि आपला गव्हर्नर खुर्ची सोडून गेला. इतकी माणसं मेली, गुलामी गेली, आपली माणसं सभागृहात जाऊन बसली, कायदे केले, शाळा काढल्या. आणि सगळं कुणाच्या भरवशावर होतं तर दारातल्या चार बंदुकांच्या. त्या रविवारी प्रार्थनाघरात कुणी गाणं सुरू केलं नाही.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आधी बसून वाच.

पेरणीचे दिवस आहेत. आम्ही बाया खळ्यावर चिकणमाती कालवून त्यात बियाणं पायांनी घोळवत होतो. त्या वेळी पुरुष तिकडे फिरकत नाहीत, तुला माहीत आहे. मिंगोदादा आला आणि सगळ्यांच्या मधोमध त्या चिखलात मांडी घालून बसला.

रायना मावशी म्हणाली, "काय रे, चढलीय की काय सकाळी सकाळी?"

"मला बाहेर काढा," तो म्हणाला. "प्रार्थनाघरातून. त्या बाकावर बसायचा मला हक्क नाही."

"ऊठ आधी. बियाणं तुडवतोयस."

"लायमसनं चिठ्ठी विकली नव्हती, मावशी. माझ्या जिवासाठी दिली."

मग त्यानं सांगितलं. मतदानाच्या आदल्या आठवड्यात लाल सदरेवाले त्याला शोधत होते आणि तू त्याला भाताच्या कोठारात, माळ्यावर लपवलंस. खाली पेल साहेबाच्या पुतण्यानं तुला गाठलं. मिंगोदादा वर पेंढ्यात पडून सगळं ऐकत होता. पुतण्या म्हणाला, "मिंगो कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे, आणि दोर बरोबर आणलाय. मंगळवारी तू आमची चिठ्ठी टाक. हात वर करून टाक, तुमच्या बायांना दिसली पाहिजे. त्यांना दिसली की तुमचं प्रार्थनाघर आतूनच फुटेल. मग मिंगो जगला काय आणि मेला काय, आम्हाला सारखंच."

आपली रीत त्यांना आपल्याइतकीच ठाऊक होती, लायमस. आमच्या कमरेचे विळे बघून ते का हसत होते, ते मला आत्ता कळतंय.

मावशीनं विचारलं, "मग त्याला बाहेर काढायला तूच का उठलास रे?"

"त्यानंच सांगितलं. म्हणाला, तू मला पाठीशी घातलंस तर त्यांना संशय येईल, दोर परत निघेल. तूच ऊठ." मग खाली बघून म्हणाला, "आणि मी उठलो. मला जगायचं होतं, मावशी."

मावशीनं चिखलानं भरलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मी बियाणं तुडवत राहिले. थांबले असते तर तिथेच बसकण मारली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, शिव्या द्यायच्या तरी कुणाला?

कोट पाठवते आहे. कॉलरला कसर लागली होती, रफू केलंय.

मला का नाही सांगितलंस? एवढंच लिहून पाठव.

टायरा


जुलै १८७७

लायमस,

तुझं उत्तर आलं. उत्तर कसलं, उलटा प्रश्नच. "सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मी म्हणाले असते, नाही, लाल टाकू नकोस.

कालपासून हे वाक्य मनात घोळवते आहे आणि दुसरं काही सापडत नाही. आईला नेलं तेव्हा मिंगोदादा स्वतः पोरगा होता. तिच्या मागे धावू नये म्हणून त्यानं मला रात्रंदिवस पाठीला बांधून शेतात काम केलं. मी त्याच्या पाठीवर वाढले. तरी मी नाही म्हणाले असते. आणि तुला हे माहीत होतं, म्हणूनच तू विचारलं नाहीस.

आपल्याला सोडवायला निळ्या कोटवाल्यांच्या गनबोटी नदीतून वर आल्या ती सकाळ आठवते? तू उघाडी सताड उघडून मालकाचं उभं भात बुडवलंस, आणि मी चुलीवरचं रटरटतं भांडं तसंच डोक्यावर घेऊन धावत सुटले. बोटीवर सगळे माझ्या त्या भातावर तुटून पडले. तेव्हा तू मला म्हणालास, "टायरा, आता आपल्या वाटचं काही आपल्याला न विचारता कुणी देणार नाही की घेणार नाही." त्या बोलण्यावर मी तुझ्याशी लग्न केलं. रूपावर केलेलं नाही, आरशात बघ.

आणि मग तूच न विचारता दिलंस. मालकानं आई विकून टाकली तशीच तूही माझी एक गोष्ट मला न विचारता देऊन टाकलीस. कारण चांगलं होतं. मालकांकडेही नेहमी कारणं असायची.

हे जास्त झालं. खोडणार नाही, पण जास्त झालं हे कळतंय मला. तुझा हात दगडाखाली होता. मिंगोदादा रोज माझ्या ओट्यावर बसून चवळी-भात खातो, जिवंत आहे, आणि तो तुझ्यामुळे आहे. त्यासाठी मी तुझे पाय धरीन. पण दार उघडणार नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही माझ्या पोटात आहे.

येऊ नकोस. अजून नाही.

टायरा


ऑगस्ट १८७८

लायमस,

आता ये.

नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक आहे. मत द्यायचं तर साठ दिवस आधी जिल्ह्यात राहायला हवं, असा नियम आहे. म्हणजे महिनाअखेरीस तू इथे हवास. मी प्रार्थनाघरात उभी राहून बोलले. बाया म्हणाल्या, येऊ दे, आपली चिठ्ठी टाकू दे, सगळ्यांसमोर, हात वर करून टाकू दे. म्हणजे गेलेलं मत घरात परत आलं असं आम्ही धरू. रायना मावशी म्हणाली, "आणि या खेपेला मुसळ मी त्याच्याच मागे धरून उभी राहीन, म्हणावं." सगळ्या हसल्या. दोन वर्षांत तुझ्या नावावर हसलेलं पहिल्यांदाच ऐकलं.

ते राजधानीत बसलेत खरे, पण या नदीवर अजून आपणच जास्त आहोत. त्यांच्या एकाला आपण चौघं. एकही फुटला नाही तर आपला माणूस इथून निवडून येतोच. मागच्या वेळी बांधाला एक भगदाड पडलं आणि सगळं खाचर खारावलं. भगदाड कुणाचं ते मी लिहीत नाही.

भेंडी यंदा खूप आली आहे. सिबीनं तुझी गोधडी उन्हात घातली. मी तिला सांगितलं नव्हतं.

टायरा


१० नोव्हेंबर १८७८

लायमस,

तू आला नाहीस. "मी परतलो तर ते पुन्हा माझ्याकडेच येतील, आणि या वेळी सिबीचं नाव घेतील," असं लिहिलंस. ते वाचून मी एवढी चिडले की पत्र चुलीत टाकलं. आता चिडलेली नाही. झालं ते सांगते.

मंगळवारी आम्ही सगळ्या होतो. मिंगोदादा सर्वांच्या पुढे होता. एका घोडेस्वारानं त्याच्या तोंडावर चाबूक ओढला. रक्त पुसायलाही न थांबता तो आत गेला आणि आपली चिठ्ठी टाकून आला. त्याच्यामागे सगळे गेले. लंगडा प्राइमस कुबडीवर गेला. साहेबानं ज्यांना झोपडीतून काढायची धमकी दिली होती, तेही गेले. एकही फुटला नाही, लायमस. दिवसभर आम्ही बघत होतो, एकाच्याही हातात लाल दिसलं नाही. दुपारी मावशी मुसळ टेकवून म्हणाली, "आता मला नेलं तरी चालेल देवानं."

दिवेलागणीला पेटी उघडली. आत माणसांपेक्षा चिठ्ठ्या जास्त! कांद्याच्या सालीसारखे पातळ कागद होते त्यांचे, एका चिठ्ठीच्या पोटात आणखी चिठ्ठ्या दुमडून घातलेल्या. कायदा काय, तर जास्तीच्या चिठ्ठ्या न बघता काढून जाळायच्या. म्हणून त्यांनी एका माणसाचे डोळे बांधले आणि त्याला पेटीत हात घालायला लावलं. आपल्या चिठ्ठ्या जाड कागदाच्या. तो चाचपायचा आणि जाड तेवढी बाहेर काढायचा. एक जाड, आणखी एक जाड, पुन्हा जाड. मावशी ओरडली, "अरे डोळे बांधलेत, पण बोटं उघडीच आहेत की त्याची!" आमच्यातले काही हसले. मग कुणी हसेना. प्राइमसची चिठ्ठी जळताना मी बघितली. त्यानं कोपऱ्यावर चुलीच्या कोळशानं खूण केली होती, म्हणून ओळखली.

त्यांचा माणूस निवडून आला. या नदीवर, जिथे त्यांच्या एकाला आपण चौघं आहोत.

दोन वर्षं मी एकच धरून होते, की लायमस फुटला म्हणून आपण हरलो. मला तुझा दोष हवा होता, लायमस. आपल्या माणसाचा दोष असेल तर पुढच्या खेपेला आपल्याला सुधारता येतो. या खेपेला कुणाचा काही दोष नव्हता. सगळे खरे राहिले आणि तरी पेटीतून जे निघायचं तेच निघालं. तेव्हा तू लाल टाकली नसतीस तरी हेच झालं असतं, आज ना उद्या. फक्त माझा भाऊ नसता.

हे कळून मला तुझ्याबद्दल बरं वाटायला हवं होतं. मला तर छाती फोडून घ्यावीशी वाटली.

मी तुला माफ केलेलं नाही. पण ज्या मतावरून तुला घराबाहेर काढलं, ते मतच आता कुणाच्या घरात नाही. ते परत येईपर्यंत तू बाहेर राहायचं ठरलं, तर तू तिकडेच मरशील आणि मी इकडे. भांडायचं तर एका छपराखाली भांडू. ये.

आणि आणखी एका कारणासाठी ये. काल सिबी भांडी घासत होती. अकरा वर्षांची झाली, तोंड अगदी माझ्यावर गेलंय. म्हणाली, "आई, आपल्याला मत होतं, ते नुसतं म्हणण्यापुरतंच ना? खरंखुरं नव्हतं. त्यांना हवं तेव्हा होतं, नको तेव्हा नव्हतं." मी तिला शाळा सांगितली, सभागृहात बसलेली आपली माणसं सांगितली. ती ऐकत होती, पण म्हातारीच्या गोष्टी ऐकाव्यात तशी. माझ्यावर तिचा विश्वास बसत नाही.

तुझ्यावर बसेल. ज्याला काडीची किंमत नाही, ते काढून घ्यायला कुणी दोर घेऊन कोठारात येत नाही. तुझ्याकडे ते आले होते. तू ये, आणि तिला सांग की ते होतं.

टायरा